डाव्या दाराचा वास

कोलशेत, ठाणे
शनिवार, २ मार्च २०२४

ती. भिवाजीमामांस,
सप्रेम जय भीम.

हे पत्र रत्नदीपच्या हाती देतो आहे. फोनवर तुम्हाला माझं निम्मं बोलणं ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. तुमचा मुलगा रोज कल्याणहून घोडबंदर रोडला कामाला जाताना आमच्या शेडवरून जातो, म्हणून पोस्टात चार दिवस घालवत नाही. पाकिटाच्या जोडावर माझी सही केली आहे. ती मोडलेली दिसली तर कळवा.

माझ्यावर चोरीचा आळ आला आहे.

इथे गावठाणात शेवंतीआजी म्हणून कोळीण राहतात. सत्तरीच्या आहेत, अजून बाजारात टोपली घेऊन बसतात. त्यांच्या माहेरचं एक दोन दारांचं कपाट माझ्याकडे पॉलिशला आलं. आजींच्या वडिलांची होडी जुनी झाल्यावर मोडली, तिच्या सागाच्या फळ्यांचं हे कपाट. नात मेघना हिने नवीन फ्लॅट घेतला आहे, शिमग्याला ती तिथे राहायला जाणार, तेव्हा कपाट तिच्याबरोबर द्यायचं आहे. रंग फार गडद होता, जवळजवळ काळाच. मेघनाताई म्हणाल्या, "खालचं लाकूड दिसू दे."

मी रिमूव्हर लावून जुनं पॉलिश उतरवलं, पत्र्याने खरवडलं, पॉलिशपेपर मारला. इथवर ठीक. मग माझी चूक झाली. आधी कोपऱ्यात रंगाचा थोडा स्टेन लावून बघायला हवा होता, तो न बघता मी दोन्ही दारांना एकदम लावला. एका दारावर स्टेन धरेच ना, तेलावर पाणी टाकावं तसा थेंबथेंब होऊन बसला. दुसऱ्या दाराने तो घटाघटा पिऊन टाकला आणि त्यावर वांगाच्या डागांसारखे काळे चट्टे उठले. एकाच कपाटाची दोन दारं, एकच डबा, एकच चिंधी.

मी ते पुसत असतानाच आजी आल्या. एका दाराला नाक लावलं, मग दुसऱ्याला लावलं. मग पुन्हा पहिल्याला. मला म्हणाल्या, "पोरा, ह्या दाराला माजे बापाचे होरीचा वास हाय. त्या दाराला नाय. माजी फली कंय हाय?"

मी म्हणालो, आजी, मी फक्त पॉलिश काढलंय.

"पॉलिश कारलंस का फली कारलीस? शिमग्याआधी माजी फली माजे दारात आन. नाय तर अख्खे कोलशेताला सांगीन."

होडीला पूर्वी मोरी माशाचं तेल पाजायचे, तो वास लाकडात राहतो, असं नंतर मेघनाताईंनी समजावलं. मीही नाक लावून पाहिलं. मामा, आजी खरं बोलतात. एका दाराला वास आहे, दुसऱ्याला नाही.

मी फळी बदललेली नाही. पण मग ती कोणी बदलली? शेडमध्ये मी एकटा नसतो. अर्धी शेड सीताराम सुतारांची आहे, माझा फक्त कोपरा. त्यांच्याकडे फळ्या पडलेल्याच असतात. मी दुपारी जेवायला जातो तेव्हा चावी त्यांच्याकडे असते.

माझी पुढची सगळी कामं याच गावातून आणि पुढच्या दोन सोसायट्यांतून येणार आहेत. एकदा "पॉलिशवाला लाकूड बदलतो" असं झालं की माझ्या हातात कोणी पाटसुद्धा देणार नाही. चट्टे कसे घालवू आणि तेलकट दारावर रंग कसा धरवू, तेवढं लवकर कळवा. आठवीत शाळा सुटल्यावर तुमच्या घरातल्या त्या काळ्या फळ्यावर तुम्ही मला शुद्ध लिहायला शिकवलंत, आणि हे कामही तुम्हीच शिकवलंत. त्या फळ्याच्या कडेला सहा भोकं होती, त्यांत मी खडूचे तुकडे खोचून ठेवायचो आणि तुम्ही ओरडायचात, आठवतं? आज तसं कोणी ओरडलं तर बरं वाटेल.

तुमचा भाचा,
प्रणित


कोळसेवाडी, कल्याण पूर्व
सोमवार, ४ मार्च

चि. प्रणित यास,
जय भीम.

पत्र मिळालं. सही शाबूत होती. शंकेखोरपणा आईचा घेतलास.

चूक सुधारण्यासारखी आहे. तेलकट दार थिनरने पूस, चिंधी बदलत बदलत पूस, चिंधी पिवळी यायची थांबेपर्यंत. मग स्पिरिटमध्ये लाख अगदी पातळ करून एक हात दे. स्टेन त्यावर नुसता लावू नकोस, पॉलिशमध्येच रंग मिसळून हळूहळू चढव. घाई केलीस तर सोलून येईल.

डाव्या दाराला आता खरवडू नकोस. पेपरसुद्धा मारू नकोस. जितका खोल जाशील तितके चट्टे पसरतील. खरं तर माझं ऐकशील तर दोन्ही दारांना पूर्वीसारखं गडद पॉलिश मारून टाक. गडद रंगाखाली सगळं एकसारखं दिसतं. त्या मेघनाला सांग, जुन्या लाकडाला हाच रंग शोभतो.

सुताराचं म्हणशील तर त्याच्यावर नजर ठेव. मी त्याला ओळखत नाही, पण मोकळ्या शेडमध्ये सागाची फळी आली की माणसाची बुद्धी फिरते. चावी त्याच्याकडे ठेवू नकोस.

शेवंतीबाईंचे यजमान आहेत का अजून? उंच होते का? सहज विचारलं.

मामी बरी आहे. मला डाव्या कानाने आता काहीच ऐकू येत नाही.

भिवाजीमामा


कोलशेत
शुक्रवार, ८ मार्च

ती. मामांस,
सप्रेम जय भीम.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे तेलकट दार थिनरने अकरा वेळा पुसलं. अकराव्या चिंधीला पिवळं आलं नाही. लाखेचा हात दिला, रंग आता धरतो आहे. मधासारखं दिसतं. तो भाग बरोबर आला, तुमचे उपकार.

बाकी सगळं बिघडलं.

चावी मी सीतारामकाकांकडून काढून घेतली. ते रंधा थांबवून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "का रे, पोलिसात भरती झालास काय?" मी सरळ विचारलं, काका, दार तुम्ही बदललंत का? त्यावर ते हसले, मग हसायचे थांबले. "अरे, मला म्हातारीचं दार चोरायचं असतं तर चांगलं तरी चोरलं असतं. ते सडकं होडीचं लाकूड मी कशाला घेऊ? रंध्याचं पातं जाईल माझं, आत खिळे असतात त्यात!" मी म्हणालो, मग तुमच्या ढिगात आंब्याच्या फळ्या कशाला आहेत? कारण ते दुसरं दार आंब्याचं आहे, मामा, हे मी आता खात्रीने सांगतो. कड तासून पाहिली. काका म्हणाले, "खोकी करायला आहेत! आणि तू महिनाअखेरीला तुझा कोपरा मोकळा कर. चोराच्या शेडमध्ये राहू नको, तुला वास येईल."

संध्याकाळी मी ते दार बिजागरीपासून उतरवलं आणि सगळं मोजून वहीत लिहिलं. सागाचं दार जाडीला बावीस मिलिमीटर आहे, आंब्याचं चोवीस. चौकटीवर डाव्या बाजूला बिजागरीचे जुने गंजके ठसे आहेत, आणि आंब्याच्या दाराची भोकं त्यांच्याशी जुळवून नंतर पाडलेली दिसतात. त्या दाराच्या आतल्या बाजूला खळीने कागद चिकटवलेला आहे. तो ओला करून सोडवला. एप्रिल १९९१ चं वर्तमानपत्र आहे, मराठी. कागदाला आणि त्याखालच्या लाकडाला गंजाचा एकच डाग आहे, म्हणजे कागद तेव्हापासूनच चिकटलेला आहे.

म्हणजे दार तेहतीस वर्षांपूर्वी बदललेलं आहे. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता आणि सीतारामकाका गुहागरला शाळेत होते. मी फुकट त्यांच्यावर आळ घेतला.

हे लिहून पत्र संपवणार होतो. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं.

मामा, तुम्हाला माहीत आहे, मी प्रत्येक पत्र आधी वहीत लिहितो, शब्द तपासतो आणि मग कागदावर उतरवतो. माझ्या २ तारखेच्या पत्राचा खर्डा माझ्यासमोर आहे. त्यात मी "एक दार" आणि "दुसरं दार" असंच लिहिलं आहे. उजवं किंवा डावं हा शब्द त्यात कुठेही नाही. मी तीनदा पाहिलं.

तुम्ही लिहिलंत, "डाव्या दाराला आता खरवडू नकोस."

रत्नदीपला विचारलं, तू पप्पांना काही बोललास का. तो म्हणाला, "मला कसलं कपाट ते पण माहीत नाय रे. मी पोस्टमन आहे तुमचा."

ते दार डावं आहे हे तुम्हाला कसं कळलं?

प्रणित


कोलशेत
बुधवार, १३ मार्च

ती. मामांस,
जय भीम.

पाच दिवस झाले. रत्नदीप रोज रिकाम्या हाताने येतो. तो म्हणतो, पप्पा बरे आहेत, जेवतात, पण भिंतीवरचा काळा फळा त्यांनी उतरवून उलटा करून ठेवला आहे, आणि का म्हणून विचारलं तर ऐकू आलं नाही असं करतात. तुमच्या कोणत्या कानाने कधी ऐकू येत नाही, हे मला आता कळेनासं झालं आहे.

काल शेवंतीआजी चार बायकांना घेऊन शेडवर आल्या. मी त्यांना वर्तमानपत्र दाखवलं. म्हटलं, आजी, हे माझ्या जन्माच्या आधीचं आहे. त्यांतली एक बाई म्हणाली, "जुना पेपर रद्दीत भेटतो, किलोनं." सगळ्या हसल्या. आजी हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मंग तेव्हा कोनाकडं दिलेलं, ते सांग." मी म्हणालो, मला माहीत नाही. "माजा घरवाला घेऊन गेल्ता टेंपोतून ठान्याला. कारखान्याचा नाव त्याला म्हाईत. तो तर गेला." घरवाले उंच होते का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "उंच व्हता. तुला कोनी सांगला?"

मी वर्तमानपत्राची घडी घालत बसलो. मामा, त्या क्षणी मी चोरासारखाच दिसत असणार.

आज सकाळी एका सोसायटीतल्या बाईंनी फोन करून डायनिंग टेबलाचं काम राहू दे म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "ग्रुपवर काहीतरी आलं होतं."

१९९१ साली तुम्ही ठाण्याच्या एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशला होता. हे मला आईकडून माहीत आहे. तुमचं नाव मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. किती दिवस सांगणार नाही, ते मला माहीत नाही. शिमगा चोवीस तारखेला आहे.

प्रणित


कोळसेवाडी, कल्याण पूर्व
शनिवार, १६ मार्च

चि. प्रणित,
जय भीम.

दार मी बदललं.

हे एक वाक्य लिहायला मला आठ दिवस लागले. आता पुढचं लिहितो.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. आतासारखे रिमूव्हरचे डबे नव्हते, जुना रंग काढायला कॉस्टिक सोड्याचं पाणी मारायचे. नियम असा, की पंधरा मिनिटांत धुऊन काढायचं, मग व्हिनेगरचा हात द्यायचा. साग त्याहून जास्त वेळ सोसत नाही, काळा पडतो. मी डावं दार आडवं टाकून कॉस्टिक मारलं. त्याच दिवशी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा फलक मला रंगवायचा होता. माझं अक्षर चांगलं म्हणून वस्तीने माझ्याकडे दिला होता. म्हटलं, पंधरा मिनिटं आहेत तर एक ओळ रंगवून घेऊ. एका ओळीच्या दोन झाल्या. अक्षराचे काठ नीट करत बसलो. मान वर केली तेव्हा तास होऊन गेला होता. दार कोळशासारखं झालं होतं.

मालक दुसऱ्या दिवशी गावाहून येणार होता. आधीच त्याची माझ्यावर वाकडी नजर होती. वस्तीतून आलेला मी एकटाच तिथे पॉलिशला होतो, बाकी सगळे सुतारांचे. "यांना रंगातलं काय कळतं," असं तो माझ्यासमोर म्हणायचा. ते खरं ठरवायची माझी तयारी नव्हती. मी आंब्याच्या फळ्या जोडून दार केलं, आत कागद चिकटवला आणि दोन्ही दारांना असं गडद पॉलिश चढवलं की माझं मलाच ओळखू आलं नसतं. उंच गृहस्थ कपाट न्यायला आले. दारावरून हात फिरवून म्हणाले, "झकास केलंस रे." मला वाटलं, संपलं.

तुझ्या पत्रात कोलशेत आणि होडीच्या फळ्यांचं कपाट वाचलं आणि मला कळलं, हे तेच. मी तुला गडद पॉलिश मार म्हणालो ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. सुतारावर बोट मीच दाखवलं. ज्या माणसाला मी कधी पाहिलंही नाही, त्याच्यावर. माझ्यावर असं कोणी केलं असतं तर मी त्याला काय म्हणालो असतो, ते मला पाठ आहे.

जळलेलं दार मी टाकलं नाही. कारखान्यात राहू देणं शक्य नव्हतं, म्हणून गोणपाटात गुंडाळून घरी आणलं. बरीच वर्षं खाटेखाली होतं. तू आठवीत शाळा सोडून आमच्याकडे आलास, दिवसभर तोंड पाडून बसायचास. तुझं अक्षर चांगलं, पण ऱ्हस्वदीर्घाच्या नावाने गोंधळ. मी दार बाहेर काढलं, खिळ्याने चार रेघा ओढल्या आणि आडवं भिंतीला टांगलं. खडू त्यावर छान उठायचा. तू त्याला फळा म्हणायला लागलास.

भोकांत खडू खोचलास की मी का ओरडायचो, ते आता तुला कळलं असेल. ती बिजागरीची भोकं होती.

सोमवारी रत्नदीप छोट्या टेंपोतून शीळफाट्याच्या रस्त्याने दार तुझ्याकडे आणेल. आधी व्हिनेगरने दोनदा धू. सुकू दे. मग ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी कोमट करून मार, हातमोजे घाल, तोंडाला कपडा बांध. काळेपणा पूर्ण जाणार नाही, पण साग वर येईल. रेघा मी खोल ओढल्या होत्या. लाकडाच्या भुशाची लांबी कालवून त्या बुजवून टाक.

माझं नाव सांग. सांगितलंस तर मी रागावणार नाही, आणि न सांगितलंस तर मला झोप येणार नाही.

भिवाजीमामा


कोलशेत
गुरुवार, २१ मार्च

ती. मामांस,
सप्रेम जय भीम.

दार पोचलं. टेंपोतून उतरवताना मला ते ओळखू आलं नाही. नेहमी आडवं पाहिलेलं, आता उभं होतं. भिंतीवर असताना ते केवढं मोठं वाटायचं.

व्हिनेगर दोनदा झालं, ऑक्झॅलिक तीनदा. तिसऱ्या वेळी साग वर आला. उजव्यापेक्षा दोन छटा गडद आहे, तो फरक राहणारच. सीतारामकाका लांबून बघत होते. मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली, सगळं सांगितलं, चावी परत दिली. चावी खिशात टाकत ते म्हणाले, "आता रोज वहीत लिहून ठेव, काकांनी आज काय चोरलं." मग स्वतःच उठून दाराची वरची कड सरळ करून दिली. रंध्याचं पातं खरंच गेलं, आत जुना खिळा होता. कोपऱ्याबद्दल ते काही बोललेले नाहीत, मीही सामान बांधलेलं नाही.

ती कड तासली तेव्हा भुगा पडला आणि वास आला. मी तेवढ्यावरच आजींना बोलावणं पाठवलं.

या वेळी त्या फक्त मेघनाताईंना घेऊन आल्या. दाराला नाक लावलं आणि तसंच ठेवलं. बराच वेळ. मी मेघनाताईंकडे बघत राहिलो, त्या खाली बघत होत्या. मग आजींनी पदराने नाक पुसलं आणि एकदम करड्या आवाजात विचारलं, "आनि ह्या उभ्या रेगा कसल्या?"

लांबी मी कालवून ठेवली होती, पण भरली नव्हती. का भरली नाही ते मला सांगता येत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. कॉस्टिक, मिरवणुकीचा फलक, खाटेखालचं गोणपाट, मी, खडू. तुमचं नाव सांगितलं.

आजींनी रेघेवरून नख फिरवलं. म्हणाल्या, "म्हंजे माजी फली एवरी वरसं शालंत जात व्हती. आनि मी बसलीय तिचे नावानं सगल्यांना शिव्या घालत."

मेघनाताई हसल्या. मीही हसलो. मग आजी माझ्यावर कडाडल्या, "हसतो काय? चोरी ती चोरीच!" आणि तशाच बाहेर जाऊन रस्त्यावरच्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "आगो, पॉलिशवाला चोर नाय! त्याचा मामा चोर हाय!"

मामा, असा माझ्यावरचा आळ गेला. तुम्हाला वाचून कसं वाटेल ते माहीत नाही, पण त्यांनी जे शब्द वापरले तेच लिहिले आहेत, कमी केलेले नाहीत. डायनिंग टेबलवाल्या बाईंचा फोन आलेला नाही. येईल की नाही, बघू.

रेघा भरायच्या नाहीत असं आजींनी सांगितलं आहे. रंगही गडद नको. दोन दारं वेगळी दिसली तरी चालतील, दोन्ही होडीची आहेत. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती तशीच कळवतो. "दार ज्यानं कारला त्यानंच लावायचा. माजे तोंडासमोर. मी काय बोलायचा ते तवा बोलीन." शनिवारपर्यंत त्या वाट बघणार आहेत. रविवारी शिमगा. त्या काय बोलतील ते मी विचारलं नाही. शिव्या देतील असा माझा अंदाज आहे. पण मेघनाताईंना त्यांनी शनिवारसाठी बोंबील आणायला सांगितलं, तेही मी ऐकलं. कोणासाठी, ते कळलं नाही.

आंब्याचं दार शेडमध्येच आहे. हवं असेल तर परत जाताना घेऊन जा. त्यावर खडूने लिहून पाहिलं, नीट उठत नाही.

रत्नदीपला पाठवू नका, स्वतः या. कपाट आजींच्या ओटीवर नेऊन ठेवलं आहे, उजवं दार बसवलं आहे. डाव्याची सहा भोकं चौकटीच्या जुन्या ठशांशी बरोबर जुळली. पाच मी साफ केली. सगळ्यात वरच्या भोकात माझ्या खडूचा एक तुकडा घट्ट बसलेला आहे. तो मी काढलेला नाही. तो तुम्ही येऊन काढा, म्हणजे स्क्रू बसेल.

तुमचा भाचा,
प्रणित